वाटप करणाऱ्याची चूक

मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून आपले नाव घातले जाते, तेव्हा बहुतेकांना तो मान वाटतो. थोरले मामा, शाळासोबती, सोसायटीतले निवृत्त बँक अधिकारी, असा जो माणूस घराला सरळ वाटतो त्याच्यावर हे काम येते, आणि भिडेखातर तो नाही म्हणत नाही. चूक झाली तर स्वतःच्या खिशातून भरावे लागेल, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याबाबत स्पष्ट आहे. व्यवस्थापकाने मयताची मालमत्ता भलत्या कामी लावली किंवा तिचे नुकसान होऊ दिले, तर कलम ३६८ प्रमाणे ते त्याने भरून द्यायचे. येणी वसूल करण्यात हयगय केली, तर कलम ३६९ लागते. कायद्यात दिलेली उदाहरणे मुद्दाम वाचावीत अशी आहेत. फायद्याच्या भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाची नोटीस वेळेत दिली नाही. मयताचे येणे मुदतबाह्य होईपर्यंत दावा लावला नाही. यात लबाडी कुठेच नाही, नुसती ढिलाई आहे. तरी भरपाई चुकत नाही.

हा कडकपणा मला योग्य वाटतो. वाटपाच्या बैठकीत ज्याचे नुकसान व्हायचे असते, तो बहुधा तिथे हजरच नसतो. मयताने मित्राच्या कर्जाला जामीन राहून पतसंस्थेत सही केलेली असते, ते घरात कोणालाच ठाऊक नसते. एखादा नातू अज्ञान असतो. ज्याने आयुष्यभर व्यवहार पाहिला, तो तर गेलेलाच असतो. हजर असणाऱ्यांच्या आग्रहापुढे गैरहजर माणसाची बाजू कोणीतरी धरायला हवी, आणि कायद्याने ते काम व्यवस्थापकावर टाकले आहे. म्हणूनच आधी देणी आणि मग मृत्युपत्रातल्या देणग्या हा क्रम त्याला मोडता येत नाही.

चुका होतात त्या मुख्यतः घाईने. मृत्यूपासून वर्ष होईपर्यंत देणग्या चुकत्या करण्याची सक्ती व्यवस्थापकावर नाही. पण तेरावा उरकतो न उरकतो तोच विचारणा सुरू होते. बँकेने नॉमिनीला पैसे दिले की तो विषय संपला, असेही धरून चालतात. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, की शेअर्स आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी केवळ त्या नावामुळे मालक होत नाही, वारसाहक्क त्याच्या वरचढ राहतो.

मला खटकते ते पुढचे. व्यवस्थापकाने न्यायालयाच्या आदेशाशिवाय, आपण होऊन एखाद्याला देणगी दिली आणि नंतर सगळ्यांच्या देणग्यांना पैसा पुरला नाही, तर कलम ३५७ प्रमाणे तो ती परत मागू शकत नाही. ज्याला काहीच मिळाले नाही, त्यालाही आधी ऐपतदार व्यवस्थापकाच्याच मागे जावे लागते. लाभ एकाच्या घरी आणि भार दुसऱ्याच्या, तोही बहुधा फुकट राबणाऱ्याच्या डोक्यावर.

यातून वाचायची एक वाट कायद्यातच आहे. उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे घेणेकऱ्यांना जाहीर नोटीस द्यायची, मुदत संपू द्यायची आणि मग वाटप करायचे. नंतर एखादा अज्ञात घेणेकरी उगवलाच, तर व्यवस्थापक सुटतो, आणि घेणेकऱ्याने मालमत्ता घेतलेल्यांकडे जायचे. पण वर्तमानपत्रात नोटीस आली की घराला अब्रू गेल्यासारखे वाटते. व्यवस्थापकाने पावती मागितली की तो परका ठरतो. त्याला तारणारा कोरडेपणा आपण त्याचा दोष मानतो, आणि गोडीगुलाबीने केलेले वाटप फसले की त्याच्यावरच दावा लावतो.

मृत्युपत्र करणाऱ्याने निदान आपली देणी आणि दिलेले जामीन त्याच कागदासोबत लिहून ठेवावेत, आणि वकिलाची व हिशेबनिसाची फी मालमत्तेतूनच द्यायची, असे स्पष्ट नमूद करावे. ज्याचे नाव घालायचे, त्याला ही यादी सहीपूर्वी दाखवावी. मग तो नको म्हणाला, तर राग मानण्याचे कारण नाही.