तात्या विंचू आणि आठवा अध्याय

शेवटच्या क्षणी माणूस ज्याचं स्मरण करत देह सोडतो, तेच तो पुढे होतो, असं गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितलंय. माझ्या वयाच्या किती जणांनी ते तिथे वाचलंय देव जाणे, पण त्याचं प्रात्यक्षिक आम्ही सगळ्यांनी बघितलंय. १९९३ सालचा महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’. त्यातल्या तात्या विंचू या गुंडाला गोळी लागते, जीव निघायला लागतो, हाताशी एक बाहुला असतो. बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून मिळवलेला मृत्युंजय मंत्र म्हणून तात्या त्या बाहुल्यात शिरतो. आमच्या घरी तेव्हा शोकेसमध्ये मावशीने दिलेली डोळे मिटणारी बाहुली होती. सिनेमा पाहून आल्यावर भावाने तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं, आणि पुढची कित्येक वर्षं ती तशीच पाठमोरी बसली.

मुलीला दाखवायचा म्हणून मी तो पुन्हा बघितला. ती घाबरली नाही. बाहुल्याची दोरी कुठे आहे तेच शोधत बसली. मला मात्र पहिल्या अर्ध्या तासातच धंद्यातलं काही तरी दिसायला लागलं. मी आयसीयूत नर्स आहे. माणसं शेवटच्या क्षणी काय आठवतात याची निम्मी माहिती शास्त्रात असेल तर उरलेली नाइट ड्यूटीच्या सिस्टरांकडे असते.

या सिनेमाचा सांगाडा अमेरिकन आहे, ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या भयपटाचा. तिथला बाहुला चकी मरतो तो हृदयात गोळी लागून. आपला तात्या मात्र दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच मरणार. गंमत म्हणजे प्रयाणकाळी प्राण भुवयांच्या मध्ये आणून ठेवावा, हेही त्याच आठव्या अध्यायात आहे. पटकथा लिहिताना कुणी गीता उघडून बसलं होतं असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे जिवाचं दार कुठे आहे असं विचारलं तर बोट छातीकडे जात नाही, कपाळाकडे जातं. गंध तिथे, कुंकू तिथे, आज्ञाचक्र तिथे. परदेशी भूत मराठीत आणायचं तर दाराची जागा बदलावीच लागते.

पण माझं घोडं अडतं ते स्मरणापाशी. आमच्याकडे नातेवाईक येतात ते तुळशीचं पान आणि गंगाजळाची कुपी घेऊन. तोंडात ट्यूब असते, त्यामुळे पान ठेवता येत नाही. मग कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवतो. कुणी उशीपाशी मोबाइल ठेवून विष्णुसहस्रनाम लावतं. पेशंट सेडेशनखाली. त्याच्या कानात नाव जातं, पण मनात काय चाललंय ते मॉनिटरवर दिसत नाही. आणि ट्यूब घालायच्या आधी, शुद्धीत असताना, माणूस शेवटचं काय बोलतो? देवाचं नाव फार थोडे घेतात. एक शेतकरी आजोबा होते. धाप लागलेली, मी मास्क सरकवून कान जवळ नेला, तर म्हणाले, “मोटार बंद केली का, बघा.” विहिरीवरची मोटार. त्यानंतर ते बोलले नाहीत. आठवा अध्याय शब्दशः घेतला तर त्यांनी पाच हॉर्सपॉवरचा पंप व्हायला हवं.

ज्ञानेश्वरांनी इथे वाट मोकळी करून दिलीय. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा, की जिवंतपणी ज्याची ओढ जिवाला लागून राहिली तेच मरणाच्या उंबरठ्यावर पुढे येतं. म्हणजे शेवटचा विचार आपण निवडत नाही, तो सवयीने येतो. हे मला पटतं. आजोबांच्या मोटारीत पिकाची काळजी होती, पाणी वाया जाऊ नये हा जन्माचा हिशेब होता. तो वाईट कसा? तात्यालाही शेवटी जे सुचलं ते सवयीनेच. आयुष्यभर दुसऱ्याचं हिसकावून घेतलं, मरतानाही तेच केलं. फक्त हाताला लागला तो गुडघ्याएवढा बाहुला.

आणि मग बघा त्याची फजिती. अमरत्व मिळालं, तर स्वारी पहिल्याच दिवसापासून वैतागलेली. त्याला बाहुला नको, माणसाचं अंग हवं, मरणारं अंग. तेही कुणाचंही चालत नाही. आपण कोण हे ज्याला त्याने पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात शिरता येतं. म्हणजे लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डेंचा तो घाबरलेला, घामाघूम चेहरा, ज्याच्यावर कुणीही विश्वास ठेवत नाही.

परकायाप्रवेश आपल्याला नवा नाही. योगसूत्रांत तो सिद्धी म्हणून येतो, आणि सिद्धी समाधीच्या आड येतात असं पतंजली तिथेच बजावतातही. शंकराचार्यांची गोष्ट तर आजीने सांगितलेली: मंडनमिश्रांच्या पत्नीने, उभयभारतीने, संसाराविषयी प्रश्न विचारला, संन्याशाला उत्तर देता येईना, म्हणून आचार्य अमरुक नावाच्या राजाच्या शरीरात शिरले. राजा नुकताच मेला होता. शिष्य आचार्यांचा देह राखत बसले. पण राजाच्या देहात आचार्यांना स्वतःचा विसर पडायला लागला आणि शिष्यांना दरबारात गाणं म्हणून त्यांना जागं करावं लागलं. म्हणजे ज्ञान्याला भीती विसरण्याची. तात्याचं दुखणं उलटं आहे. तो एका क्षणासाठीही विसरत नाही. नाव, वैर, कुठल्या इन्स्पेक्टरची गोळी, सगळं पाठ.

आपण पुनर्जन्माबद्दल बोलताना हळहळतो, मागचं काही आठवत नाही म्हणून. सिनेमा बघताना मला पहिल्यांदा वाटलं, की न आठवणं हीच त्यातली सोय आहे. सगळं लक्षात ठेवून परत आलेला माणूस कसा असतो, तर असा: जुन्या थकबाकीसाठी चाकू घेऊन खाटेखाली दबा धरून बसलेला. यावर भरताची कथा आडवी येते, ते मी मान्य करते. हरणाच्या पाडसात जीव गुंतला, हरीण होऊन जन्मला, पण त्याला मागचा जन्म आठवत होता, आणि त्या आठवणीनेच तो सावध झाला, कळप सोडून गेला. मग फरक आठवणीत नाहीच म्हणायचा. भरताला आपली चूक आठवली, तात्याला दुसऱ्यांच्या. एवढं म्हणून मी थांबते, कारण आजोबांची मोटार यातल्या कुठल्या खात्यात टाकायची हे मला ठरवता येत नाही.

आता तो बाहुला म्हणजे मूळचा कोण, हेही बघण्यासारखं आहे. चेहरा, हालचाल बोलक्या बाहुल्यांच्या रामदास पाध्यांची. त्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्यांनी, १९१६ मध्ये अर्धवटराव या बाहुल्याला जन्म दिला तेव्हापासूनची ही घराण्याची विद्या. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि माणूस असतानाचा तात्याही तेच. हात एकाचा, वाणी दुसऱ्याची, तरी हा तात्याच याबद्दल थिएटरातल्या एकाही पोराला शंका आली नाही. आत्मा म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आवाज ओळखीचा होता, तेवढ्यावर भागलं.

मुलगी मात्र भलत्याच ठिकाणी अडली. “तात्या लक्ष्यात शिरला असता तर लक्ष्या कुठे गेला असता?” सिनेमात याचं उत्तर नाही. मी अमरुकाचं सांगितलं, की राजा आधीच गेलेला होता, घर रिकामं होतं. इथे माणूस आत राहत असताना घुसायचं आहे, तात्याचा खरा गुन्हा तो. तिला गुन्ह्याशी कर्तव्य नव्हतं. “मग लक्ष्याला बाहुल्यात टाकायचं. बदली.” मी म्हटलं, चालेल, त्याने तिथून आईला हाक मारली असती. “आणि आई घाबरून पळाली असती,” ती म्हणाली. “तिच्यासमोर तर लक्ष्या उभाच आहे ना!”

आत तात्या असलेला. बरोबर आहे तिचं. पुढचा देह कसा मिळतो ते आठव्या अध्यायात आहे, पण नव्या देहातून घरच्यांना ओळख कशी पटवायची याची व्यवस्था नाही.