ऋणनिर्देश आणि हिशेब

ग्रंथाच्या प्रारंभी ऋणनिर्देश करण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. विज्ञानात हे ऋण शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत नोंदवले जाते. एका रसायनशास्त्रज्ञाने दुसऱ्याच्या निबंधाचा उल्लेख केला, म्हणजे ‘हे मी तुमच्याकडून घेतले’ अशी कबुलीच दिली. अशा कबुल्यांची बेरीज करून संशोधकाची योग्यता ठरवणे न्याय्य आहे काय? प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटला, तरी मुळात तो नीतीचा आहे.

युजीन गारफील्ड हे रसायनशास्त्राचे पदवीधर. त्यांनी १९६४ मध्ये संदर्भोल्लेखांची सूची प्रसिद्ध केली, ती एका निबंधावरून पुढील संबंधित निबंधांचा माग काढता यावा म्हणून. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ सुचवला. हा निर्देशांक वीस असणे म्हणजे संशोधकाच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख लाभलेले असणे. वाट दाखवणाऱ्या सूचीचा अशा प्रकारे तराजू झाला.

या तराजूत नेमके काय तोलले जाते? ऑलिव्हर लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. २०१४ पर्यंत त्या निबंधाचे तीन लाखांहून अधिक उल्लेख झाले होते. स्वतः लाउरी मात्र त्याला थोर निबंध मानीत नसत. याउलट फ्रेडरिक सँगर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९५८ आणि १९८० असे दोनदा मिळाले. त्यांच्या निबंधांची संख्या त्या कीर्तीच्या मानाने अल्पच. उल्लेखांवरून उपयोग कळतो, आणि उपयोग ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु उपयोग आणि थोरवी एकच नव्हेत.

तरीही आकड्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. आकडा नव्हता तेव्हा निवड नेहमी गुणांवरच होत असे, असे कोण म्हणेल? ओळख, घराणे, गुरूचा शब्द यांचेही वजन पडत असे. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, अशा लहान गावातील संशोधकाला आकडा हाच एक निःपक्षपाती साक्षीदार वाटला, तर नवल नाही.

मात्र साक्षीदारालाच न्यायाधीश केले, की साक्ष विकत घेण्याचा मोह उत्पन्न होतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांक पद्धती आणली. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही फोफावली. २०१८ मध्ये आयोगाला आपल्या मान्यतासूचीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके वगळावी लागली. परस्परांचे उल्लेख करण्याचे संगनमत हाही त्याच मोहाचा प्रकार. जे कृतज्ञतेने द्यावयाचे, ते देवघेवीचे चलन झाले.

दोष केवळ असे चलन पाडणाऱ्याचा नाही. निवड समितीत बसून अर्जदाराचा एकही निबंध न वाचता आकड्यावर बोट ठेवणाराही त्यात सहभागी आहे. आकडा त्याला वाचनाच्या श्रमांतून आणि चुकीच्या जबाबदारीतूनही मोकळे करतो. ‘मी नाही, आकड्याने ठरवले’ असे म्हणता येणे, हेच या पद्धतीचे खरे आकर्षण असावे.

आकडे राहोत, ते दाराशी उभे राहून माहिती देवोत. परंतु ज्याच्या आयुष्यभराच्या कामाचा आपण निवाडा करतो, त्याची निदान चार पाने वाचणे, एवढे ऋण आपल्यावर असतेच. ते कोणत्याही सूचीत नोंदले जात नाही.