कसोटीला कोण?

१९४२ साली डॉ. के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ प्रसिद्ध झाला. भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेले स्थायिभाव आधुनिक मानसशास्त्राला कितपत मानवतात, हे त्यांनी त्यात तपासलं. आधार मुख्यतः मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकडूगलचा. पळण्याच्या प्रवृत्तीला भीती, झुंजण्याच्या प्रवृत्तीला राग, अशी प्रत्येक सहजप्रवृत्तीला तिची भावना जोडलेली असते, हे त्याचं म्हणणं. वाटव्यांचं धाडस मोठं होतं. पण मॅकडूगलचा ग्रंथ १९०८चा, आणि सहजप्रवृत्तींच्या अशा याद्यांवर विसाच्या दशकातच झोड उठली होती. वाचताना सारखं वाटतं, उलट तपासणीही व्हायला हवी होती. मानसशास्त्राला भरताचे प्रश्न विचारायला हवे होते.

असा एक प्रश्न मला घराजवळच भेटतो. सोलापुरात, आमच्या शुक्रवार पेठेत संक्रांत जवळ आली की बोलणं गड्ड्याच्या जत्रेचंच. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला तरुण कमरेच्या पट्ट्यात नंदीध्वजाची उंच काठी रोवून तोल सांभाळत चालतो. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या विवाहाच्या अक्षता पडतात तेव्हा त्याला जवळून पाहावं. कपाळावर घाम, दंडांना कंप, जयघोष करताना आवाज चिरकलेला, डोळे भरलेले. स्वेद, वेपथू, स्वरभंग, अश्रू! भरताने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांपैकी चार एकाच माणसात. यात ओझ्याचं किती आणि भक्तीचं किती?

यावर मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८४ साली सांगितलं असतं, कंप आधी. त्याची जाणीव होणं हीच भावना. शरीरशास्त्रज्ञ कॅननने १९२७ मध्ये याला हरकत घेतली. भीतीत, रागात, अगदी तापातही पोटातले-छातीतले बदल बरेचसे सारखेच असतात, मग नुसत्या शरीरावरून भावना वेगळ्या ओळखायच्या कशा? १९६२ साली शॅक्टर आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अ‍ॅड्रेनलिन टोचून पाहिलं. शरीर खवळतं, पण त्या खळबळीला नाव मिळतं ते भोवतालच्या प्रसंगावरून, असं त्यांनी मांडलं. त्या प्रयोगाचे निष्कर्ष पुढे तितकेसे टिकले नाहीत. प्रश्न मात्र टिकला. अलीकडे मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट तर म्हणतात की पूर्वानुभव आणि संस्कृतीने शिकवलेल्या कल्पना यांतून मेंदू भावना त्या त्या क्षणी घडवतो.

भरताने प्रसंगाला, म्हणजे विभावाला, पहिल्यापासून जागा दिली होती. सात्त्विक भावांसाठी तर मन एकाग्र हवं, ही अटच घातली होती. म्हणून ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं मी म्हणणार नाही. भरत रंगभूमीविषयी बोलत होता, आणि त्याचा भाष्यकार अभिनवगुप्त याने रस व लौकिक भाव यांत स्पष्ट भेद केला आहे. पण समोर बसून पाहणाऱ्याचं काय होतं, हा नाट्यशास्त्राचा मुख्य प्रश्न मानसशास्त्राने फार काळ बाजूला ठेवला. प्रयोगशाळेत माणूस बहुधा एकटाच बसवला गेला.

२०११ साली एक वेगळं संशोधन प्रसिद्ध झालं. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात निखाऱ्यांवरून चालण्याची प्रथा आहे. तिथे चालणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्या आप्तांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय जुळलेली आढळली; परक्या प्रेक्षकांची जुळली नाही.

असं काम सोलापुरात व्हावं, असं मला मनापासून वाटतं. यात्रेआधी नंदीध्वजाचा सराव चालतो. पेलणारा तोच, कसरत तीच. नसतात त्या अक्षता आणि ती गर्दी. सरावाच्या संध्याकाळी आणि अक्षतांच्या दिवशी त्याचे ठोके मोजावेत. त्याच्या आईचे मोजावेत, पहिल्यांदाच यात्रेला आलेल्या पाहुण्याचेही मोजावेत. इथल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे हाती घेतलं, तर ओझ्याचा घाम आणि भक्तीचा घाम वेगळा काढता येतो का, ते तरी कळेल.