पुड्याची मागची बाजू

ऑनलाइन तासाला मुलांना बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचायला लावली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मैद्यानंतर लगेच साखर म्हणजे काय, ते मुलांना चटकन कळलं.

तेवढ्यात चाकणच्या एका मुलीने माइक सुरू केला. "सर, पप्पा रात्रपाळीहून येताना माझ्यासाठी हाच पुडा आणतात. त्यांना सांगू का?"

खरं लपवायचं नाही, हे मीच शिकवलं होतं. पण यात पप्पांची चूक ती काय? छापणाऱ्याला इंग्रजी किंवा हिंदी पुरते, मराठीची सक्ती नाही, अक्षरं मुंगीएवढी. समजेल असं लिहिणं हे कंपनीचं काम. ते आपण दहा वर्षांच्या मुलीवर ढकलतोय का?

"सांग," मी म्हटलं, "पण पुडा अर्धा-अर्धा खाताना. दोघं मिळून वाचा."