दिव्यावरचा थर

गाडीचा उजेड कमी वाटायला लागला की आपलं पहिलं बोट बल्बकडे जातं. गॅरेजात शिरतानाच गिऱ्हाईक म्हणतं, "रात्री रस्ताच दिसत नाही हो, जरा जास्त पॉवरचा टाका." मग साठ-पंचावन्न वॉटच्या जागी शंभर-नव्वदचा बल्ब येतो, नाहीतर पांढराफटक एलईडी. वायरिंग तापतं, रिफ्लेक्टरची चमक करपते, आणि रस्ता होता तितकाच अंधारा राहतो. कारण पुष्कळदा बल्बला काहीच झालेलं नसतं, त्याच्यापुढची काच आंधळी झालेली असते.

काच म्हणतो ते जुन्या सवयीनं. फियाट-अँबॅसडरच्या गोल दिव्यांना खरी काच होती. दगड लागला की फुटायची, पण वर्षानुवर्षं उन्हात उभी राहूनही पिवळी पडायची नाही. आता तिथं पॉलिकार्बोनेट असतं. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघांनी ते एकमेकांच्या नकळत शोधून काढलं. वजनाला हलकं, दगडाला सहसा दाद न देणारं आणि हव्या त्या आकारात ओतता येणारं हे प्लॅस्टिक. हल्लीच्या गाड्यांचे बोनेटवर चढत गेलेले तिरपे डोळे त्याच्यामुळेच आले (मला ते सगळे कायम कुणावर तरी चिडल्यासारखे दिसतात, पण असो). या मजबूत वस्तूच्या दोन खोडी आहेत. तिच्यावर ओरखडा चटकन उठतो, आणि उन्हातली अतिनील किरणं तिला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच तिच्यावर एक कडक पारदर्शक थर चढवलेला असतो, केसाहून पातळ.

पुढची काही वर्षं ऊन खातो तो हा थर. त्यात रस्त्याची धूळ, किनाऱ्याकडची खारी हवा आणि रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकणारे आपले हात. हळूहळू थर विटतो, बारीक चिरतो, पापुद्र्यासारखा सुटू लागतो. आपल्याला दिसणारा पिवळेपणा आणि धुरकटपणा हा बराचसा या थराचा, आणि त्याच्या आड उघड्या पडलेल्या प्लॅस्टिकचा. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०१८च्या चाचणीत अशा दिव्यांचा उजेड नव्याच्या जेमतेम वीस टक्के भरला. शिवाय जो उजेड बाहेर पडतो तोही सरळ जात नाही, चहूकडे फाकतो. म्हणजे कसारा घाटात आपल्याला वळण दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र तिरीप जाते. तो चिडून डिपर मारतो, आपण उलट त्याच्या दिव्यांना नावं ठेवतो. जास्त पॉवरचा बल्ब घातला की हे फाकणंच वाढतं.

यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. आधी दिव्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावं. ओला असेतोवर तो स्वच्छ दिसला तर बिघाड वरवरचा. बारीक चरे पाण्यानं भरले की उजेड फाकायचा थांबतो, म्हणून तसं दिसतं. ओला करूनही धुरकट राहिला तर खोट आतल्या बाजूची, तिथं घासून उपयोग नाही. वरवरचं असेल तर भोवतीच्या रंगाला टेप लावून ओला पॉलिश पेपर फिरवायचा, आधी हजार नंबरचा, मग दोन हजार, मग तीन हजार. सुरुवातीला पिवळट पाणी निथळतं. तो विटलेला थर. पाणी पांढरं यायला लागलं की खालचं प्लॅस्टिक लागलं. मग रबिंग कंपाउंड मारलं की दिवा असा लखलखतो की गिऱ्हाईक तिथंच पाकीट काढतं.

आणि काम तिथंच अर्धं सुटतं. आता त्या प्लॅस्टिकच्या अंगावर काहीच उरलेलं नाही. आजवर कारखान्याचा विटका का होईना, थर होता, तोही आपण घासून काढला. असा उघडा दिवा काही महिन्यांतच पुन्हा पिवळा पडतो आणि आपण म्हणतो, पॉलिशवाल्यानं फसवलं. टूथपेस्ट चोळायच्या युक्तीचं हेच. तिच्यातल्या बारीक खरीनं मळ निघतो, राखण कुणीच करत नाही. डास पळवायचं मलम चोळतात ते तर त्याहून वाईट, त्यात डीट हे रसायन असलं तर ते प्लॅस्टिकच विरघळवतं. घासण्याचा फरक डोळ्यांना लगेच दिसतो, म्हणून त्याचे पैसे आपण खुशीनं देतो. नंतर मारायचा लॅकर दिव्याच्या दिसण्यात काहीच भर घालत नाही. त्याचं काम पुढच्या उन्हाळ्यांत व्हायचं असतं, त्यामुळे तेवढं राहू द्या म्हणून सांगणारे पुष्कळ. मेणाचा हात आठवड्यांत उतरतो. टिकतो तो हार्डनर घालून मारलेला, अतिनील किरणं अडवणारा लॅकर किंवा वर चिकटवायची पारदर्शक फिल्म.

लॅकर मात्र कोरड्या हवेत मारायचा. दमट हवेत सुकताना तो पाणी धरतो आणि दिवा पुन्हा दुधाळ होतो. म्हणून कोकणात आषाढात असं काम घेऊन गेलात तर जाणता पेंटर हातच लावत नाही, दिवाळीनंतर या म्हणतो. तोवर दिवा घासून उघडा ठेवू नये. गाडी तोंड सावलीकडे करून लावावी, आणि धूळ पुसायची तर आधी पाणी, मग फडकं.