प्रल्हादाचा नकार आणि पुढल्या भागाची मागणी

'महावतार नरसिंह' हा अश्विन कुमार दिग्दर्शित अ‍ॅनिमेशनपट २५ जुलै २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्याने तीनशे कोटी रुपयांपुढे मजल मारली आणि भारतात निर्माण झालेल्या अ‍ॅनिमेशनपटांत उत्पन्नाच्या दृष्टीने पहिले स्थान मिळवले. त्यानंतर त्याच्या चाहत्यांमध्ये जो वाद रंगला त्याचे विषय दोन होते : हे यश कशाचे, आणि पुढला चित्रपट कोणता व कसा असावा. व्यापाराच्या भाषेत विचारले गेल्यामुळे हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. परंतु कथेला पुढचा भाग असावा असे म्हणणे हा त्या कथेच्या शेवटाविषयी दिलेला निर्णय असतो, आणि शेवटाविषयीचा निर्णय हा नेहमीच काही अंशी नैतिक असतो. विशेषतः ज्या कथेचा पुढचा भाग परंपरेने आधीच सांगून ठेवलेला आहे, तिच्या बाबतीत तर 'पुढे काय?' या प्रश्नाची तपासणी अपरिहार्य ठरते.

यशासंबंधीच्या वादात दोन पक्ष ठळकपणे दिसतात. एक पक्ष यशाचे श्रेय श्रद्धेला देतो : लोक चित्रपट पाहण्यास गेले नाहीत, ते दर्शनास गेले. दुसऱ्या पक्षाला हे मान्य नाही. पौराणिक विषयावरचे कितीतरी चित्रपट पडले आहेत, तेव्हा हा चालला तो त्यातील चित्रणाच्या आवेगामुळे, विशेषतः अखेरच्या युद्धप्रसंगामुळे, असे तो म्हणतो. दोन्ही पक्षांचा पुरावा मात्र एकच आहे, आणि तो म्हणजे आकडा. गर्दीची संख्या भक्तीचे प्रमाण ठरते किंवा कलागुणाचे. कोटींचा हिशेब ज्या कथेच्या नावे मांडला जातो ती कथा हिशेबाविषयी काय म्हणते, हा प्रश्न या वादात जवळजवळ उपस्थितच होत नाही.

भागवताच्या सातव्या स्कंधात त्याचे उत्तर आहे. हिरण्यकशिपूचा वध झाल्यावरही नरसिंहाचा क्रोध शमत नाही. देव दूर उभे राहतात, लक्ष्मीही जवळ जाण्यास धजत नाही. अखेर एक मूल पुढे होते. शांत झालेला देव त्या मुलाला वर मागण्यास सांगतो, आणि प्रल्हाद नकार देतो. जो सेवेच्या बदल्यात लाभाची अपेक्षा धरतो तो सेवक नव्हे, तो व्यापारी होय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. मागायचेच असेल तर मनात मागण्याची इच्छाच उगवू नये एवढेच तो मागतो. मग एक गोष्ट मात्र तो स्वतःहून मागतो : आपल्याला मारू पाहणाऱ्या पित्याची शुद्धी. एकवीस पिढ्या पावन झाल्याचे आश्वासन त्यावर मिळते. खांब फुटतो, उंबरठ्यावर, संध्यासमयी, नखांनी वध होतो, हे सर्व वराच्या शब्दांतून काढलेल्या पळवाटांचे नाट्य आहे आणि दृश्यमाध्यमाला ते साहजिकच भुरळ घालते. कथेची नैतिक परिणती मात्र त्यानंतरच्या नकारात आहे. 'आणखी हवे' या वृत्तीलाच जी कथा प्रश्न विचारते, तिच्या संदर्भात 'आणखी हवे' ही मागणी उभी राहावी, यातला विरोधाभास लक्षात घेतल्यावाचून पुढला विचार करता येत नाही.

अर्थात ही कथा पुन्हा ऐकण्याची इच्छा नवी नाही. बीड जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकार प्रल्हादाचा दृष्टांत घेतो, तेव्हा समोरच्या मंडपात तो न ऐकलेला श्रोता शोधूनही सापडत नाही. शेजारच्या परभणी जिल्ह्यात पोखर्णीचा नृसिंह आहे; मराठवाड्यातील अनेक कुटुंबांचा तो कुलस्वामी. खांबातून कोण निघणार हे ठाऊक असूनही लोक बसून राहतात. पुढे काय झाले हे कळण्यासाठी ते आलेले नसतात. तेच पुन्हा, या कीर्तनकाराच्या तोंडून, या वर्षीच्या आपल्या अवस्थेत ऐकण्यासाठी आलेले असतात. याच जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) 'गीतार्णव' रचला, आणि त्यावर न थांबता त्याच गीतेवर 'गीतार्थबोधचंद्रिका'ही लिहिली. ज्ञानेश्वरीनंतर गीतेवर मराठीत लिहायचे काय राहिले होते, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. पंचीकरणासारखा अमूर्त विषय त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडी पासोडीवर उतरवला. (इतक्या लांबीच्या कापडावर तत्त्वज्ञान मांडणाऱ्या माणसाला विस्ताराचे भय नव्हते, हे उघडच आहे.) या परंपरेत विस्तार आहे, पुनरावृत्ती आहे, पण हा विस्तार एकाच जागी खोल जाणारा आहे. पुनःकथनाची इच्छा आणि उत्तरभागाची इच्छा या दोन भिन्न इच्छा आहेत. पहिलीत कथा पुरेशी मानलेली असते, दुसरीत ती अपुरी ठरवलेली असते.

अ‍ॅनिमेशनच्या माध्यमात दुसरी इच्छा अधिक सहज बळावते. याला तांत्रिक कारण आहे. रेखाटलेले शरीर थकत नाही, वयस्क होत नाही, मानधन वाढवून मागत नाही. नटाच्या मर्त्यतेमुळे चित्रपटमालिकेला जी नैसर्गिक मर्यादा पडते ती येथे नाही. २००५ मधील 'हनुमान' या यशस्वी अ‍ॅनिमेशनपटानंतर २००७ मध्ये 'हनुमान रिटर्न्स' आला तेव्हा देवाला लहान मुलाच्या रूपाने आजच्या पृथ्वीवर आणावे लागले. रामकथेत त्याच्यासाठी जागा उरली नव्हती असे नाही. त्या जागेतून नवी उत्सुकता निर्माण होईना, एवढेच. 'महावतार'च्या निर्मात्यांना अशी ओढाताण करावी लागलेली नाही. प्रदर्शनापूर्वीच, जून २०२५ मध्ये, त्यांनी सात चित्रपटांची योजना जाहीर केली : नरसिंहानंतर परशुराम (२०२७), रघुनंदन (२०२९), द्वारकाधीश (२०३१), गोकुळानंद (२०३३), आणि कल्की दोन भागांत (२०३५ व २०३७). उत्तरभाग यशातून जन्मलेला नाही, तो यशाआधीच योजलेला आहे. चाहते ज्यावर वाद घालतात ते वेळापत्रक आधीच छापून तयार होते.

यावरून उत्तरभागाची मागणी नेहमीच उथळ असते असे अनुमान काढणे चूक ठरेल. एकनाथांचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडात थांबले आणि त्यांचा शिष्य गावबा याने ते पूर्ण केले. येथे दुसऱ्याच्या हाताने कथा पुढे नेण्यामागे ऋणाची भावना आहे. त्याहून बोलके उदाहरण दूरदर्शनच्या काळातले आहे. १९८८ मध्ये रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका राज्याभिषेकाशी संपली तेव्हा जालंधर येथील सफाई कामगारांनी संप केला. उत्तरकांड दाखवले जावे, ही त्यांची मागणी होती. त्यांतील अनेक जण वाल्मीकीला आपला पूर्वज मानणाऱ्या समाजाचे होते, आणि ज्या कांडात वाल्मीकी स्वतः पात्र म्हणून येतो, टाकलेली सीता त्याच्या आश्रमात राहते, नेमके तेच गाळले जात होते. संप अन्य शहरांतही पसरला, आणि पुढे 'लवकुश'चे प्रक्षेपण झाले. मालिका लोकप्रिय होती म्हणून ती वाढवा, असे या कामगारांचे म्हणणे नव्हते. ज्या शेवटाने इतरांचे समाधान झाले तो आमच्यासाठी शेवट नाही, असे ते म्हणत होते.

उत्तरभागाच्या इच्छेची परीक्षा करण्यासाठी येथे एक कसोटी हाती येते. कथेने कोणाचे काही देणे बाकी ठेवले आहे काय, आणि पुढला भाग त्या देण्याची दखल घेतो काय? ही कसोटी लोकप्रियतेच्या आकड्याला किंवा चित्रणाच्या भव्यतेला विचारत नाही. रूपवादी समीक्षक तिला बाह्य निकष म्हणतील. परंतु कथेतून जे निष्पन्न होते आणि कथेतच अनुत्तरित राहते ते कथेबाहेरचे कसे, याचा खुलासा त्यांना करावा लागेल.

नरसिंहकथेला ही कसोटी लावली असता एक विलक्षण गोष्ट समोर येते. परंपरेने सांगितलेला या कथेचा पुढला भाग परशुरामाचा नाही. प्रल्हादाचा पुत्र विरोचन, विरोचनाचा पुत्र बळी, आणि त्या बळीकडे तीन पावले भूमी मागण्यास येणारा वामन. अवतारांच्या प्रचलित क्रमात नरसिंहानंतर लगेच वामनच येतो, आणि येथे तर क्रम नुसता यादीतला नसून रक्ताचा आहे. तुझ्या वंशातील कोणाचा वध माझ्या हातून होणार नाही, असे वचन प्रल्हादाला मिळाले होते. दहाव्या स्कंधात बाणासुराला जीवदान देताना कृष्ण त्याचे स्मरण देतो. म्हणजे पहिल्या कथेतील वचन पुढल्या कथांमध्ये देवाचे हात बांधून ठेवते. बळीला मारता येत नाही. त्याला सुतलात पाठवले जाते आणि देव त्याच्या दाराशी राखण करीत उभा राहतो. बळी बांधला गेला असता वृद्ध प्रल्हाद स्वतः तेथे येतो. तो तक्रार करीत नाही, नातवाचे ऐश्वर्य हिरावले गेले याचीही तो स्तुतीच करतो. वर नाकारणाऱ्या बालकाचे वार्धक्य असे असावे, यात एक निष्ठुर सुसंगती आहे. तरी वाचक अस्वस्थ होतो. हिरण्यकशिपूचा अपराध स्पष्ट होता. बळीचा अपराध कोणता? दानशूर असणे, शब्द पाळणे?

सात चित्रपटांच्या जाहीर यादीत वामनाचे नाव नाही. जागेची टंचाई हे कारण संभवत नाही, कारण कृष्णाला दोन चित्रपट मिळाले आहेत (त्यातही द्वारकाधीश आधी आणि गोकुळातला बाळ नंतर, हा क्रम कौतुकास्पद आहे) आणि अद्याप न झालेल्या कल्कीलाही दोन. बुद्धाचेही नाव नाही. पण तो प्रश्न निराळा आणि अधिक गुंतागुंतीचा आहे : १९५६ मध्ये नागपूरला घेतलेल्या प्रतिज्ञांत बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचे ज्यांनी नाकारले, त्यांना या अनुपस्थितीची तक्रार असण्याचे कारण नाही. वामनाची अनुपस्थिती मात्र लक्षणीय आहे. परशुरामाच्या हाती परशू आहे, समोर उन्मत्त राजे आहेत. वामनाच्या हाती काहीच नाही, आणि समोर एक भला राजा आहे. नरसिंहपटाच्या अखेरीस प्रेक्षकाला जो न्यायाचा आनंद मिळाला तो वामनकथेत मिळणार नाही. ही योजना कोणी कोणत्या हेतूने आखली याचा तर्क येथे करायचा नाही. शत्रू निर्विवाद असणे ही जिची अट असते त्या मालिकेत बळी बसत नाही, एवढे संरचनेच्या पातळीवर म्हणता येते.

महाराष्ट्रात हा गाळलेला भाग कधीच गाळला गेलेला नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त अवतारांची मालिका सलग वाचली. नरसिंह म्हणजे सोंग घेऊन केलेला घात, प्रल्हाद म्हणजे शिकवणीने फिरवलेले मूल, आणि या सगळ्याच्या पुढे बळीराजाचे राज्य व त्याचा वामनाकडून झालेला पाडाव, मग परशुराम. फुल्यांच्या व्युत्पत्तींविषयी आणि इतिहासमांडणीविषयी विद्वानांनी घेतलेले आक्षेप परिचित आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे अप्रस्तुत होय. कथनमीमांसेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, सुटे सुटे अवतार ही एकच कथा आहे, हे त्यांनी ओळखले, आणि ती पराभूतांच्या घरातून वाचली तर तिचा प्रत्येक भाग पुढल्या भागाकडे देणे सोपवीत जातो, हे दाखवले. प्रल्हादाला फितवलेले मूल ठरवताना त्यांनी त्याच्या नकाराचे मोल मोजले नाही, हे मान्य करावे लागेल. पित्यासाठी त्याने केलेली याचना त्यांच्या वाचनाला उलट बळकटीच देऊ शकली असती. तथापि आजच्या चाहत्यांच्या वादापेक्षा त्यांच्या वाचनात 'पुढे काय?' हा प्रश्न अधिक गंभीरपणे विचारला गेला आहे.

हा प्रश्न बीडमध्ये विचारला असता त्याला स्थानिक वजन येते. कोरडवाहू शेतीचा हा जिल्हा दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पाठवतो. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' असे एकवचनी नाव आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडू लागतात, आणि त्याच सुमारास बलिप्रतिपदा येते, ज्या दिवशी बळीचे राज्य येवो असे म्हणत घरच्या पुरुषांना ओवाळले जाते. वर्तमानपत्रांत शेतकऱ्याला बळीराजा म्हणण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे की त्या शब्दातील पराभव आता ऐकू येत नाही. त्या ओवाळणीत मात्र तो ऐकू येतो. पाताळात घातलेल्या राजाच्या परतीची अपेक्षा तीत आहे. चित्रपटगृहात जयघोष नरसिंहाचा होतो आणि घरात परत यावा असे वाटते ते प्रल्हादाच्या नातवाचे राज्य. यात कोणालाही विसंगती जाणवत नाही, आणि ती नसेलही. भक्ताचे घर आणि पराभूताचे घर एकच असल्याचे पुराणाने आधीच सांगून ठेवले आहे.

यावर असा आक्षेप येईल की मुलांसाठी केलेल्या मनोरंजनावर इतके ओझे लादणे अन्यायाचे आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मूल हाच या कथेचा नायक आहे, आणि मोठ्यांना न झेपणारा प्रश्न त्यात मुलानेच हाताळलेला आहे. पित्याच्या वधाने आनंदित न होता त्याच्यासाठी मागणे मागणारे मूल ज्या प्रेक्षकाला कळू शकते, त्याला बळी कळणार नाही असे मानण्याचे कारण नाही. २०२५ मध्ये आठ वर्षांचा असलेला प्रेक्षक, जाहीर वेळापत्रक पाळले गेले तर, २०३७ मध्ये वीस वर्षांचा असेल. तोवर त्याने कल्की दोनदा पाहिलेला असेल. बळीचे नाव त्याच्या कानी पडेल ते पाडव्याला आईच्या तोंडून, त्या दिवशी ती उसाच्या फडावर नसली तर.