आकडा नंतर, अट आधी

चि. सोनूस,


दावोसच्या बातमीचं कात्रण पाठवलंस आणि खाली विचारलंस, "आजोबा, एवढा पैसा आला तर आपलं भलंच होणार ना?" २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्राने तिथे सुमारे १५ लाख ७० हजार कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले. आकडा डोळे दिपवणारा खराच. पण सामंजस्य करार म्हणजे साखरपुडाही नव्हे. फार तर पत्रिका हाती आली, एवढंच. त्यात सह्या करणाऱ्या कितीतरी कंपन्या आपल्याच देशातल्या. म्हणून त्या आकड्यावर आनंदही नको आणि नाक मुरडणंही नको. पैसा कुठल्या अटीवर येतोय आणि धंद्यातली जोखीम कोणाच्या गळ्यात पडतेय, एवढं विचारायला शीक. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

बाहेरचा पैसा लागतो, हे आधी मान्य करू. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवलं. त्याच वर्षी २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आलं आणि ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंतच्या परकीय भांडवलाला आपोआप मंजुरी मिळू लागली. पण सगळा परदेशी पैसा सारखा नसतो. शेअर बाजारात आलेला पैसा सकाळी येतो, संध्याकाळी जाऊ शकतो. १९९७ मध्ये थायलंडमधून बाजारातला पैसा आणि अल्प मुदतीची कर्जं अशीच भराभर निघाली आणि त्यांचं चलन कोसळलं. कारखान्यात घातलेला पैसा असा रातोरात उचलता येत नाही. तरीही कारखाना उभा राहिला म्हणजे काम फत्ते झालं, असं नसतं. हे समजायला गुहागरला जायला हवं.

जून १९९२ मध्ये तिथल्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार झाला, तोही निविदा न मागवता. एन्रॉनचा वाटा ८० टक्के. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे दहा-दहा टक्के. प्रकल्प परवडणारा नाही, असं सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज नाकारलं. तरी त्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाने खरेदी करारावर सही केली. त्या कराराची रचना नीट समजून घे. मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरायचाच. इंधन महागलं तर भार मंडळावर. मोबदला डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला तरी भार मंडळावरच. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी आणि तिच्या पाठीशी केंद्राची प्रतिहमी. इंधन, चलन, मागणी या तिन्ही जोखमी एकाच बाजूला लोटल्या होत्या.

१९९५ मध्ये राज्यात सत्तापालट झाला. नव्या सरकारने करार रद्द केला आणि पुढच्याच वर्षी फेरवाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा मंजूरही केला. अंजनवेल, वेलदूरच्या लोकांनी विरोध केला, लाठ्या खाल्ल्या. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. करार झाला तेव्हा ३१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ पर्यंत ४६-४७ रुपयांवर गेला होता, प्रकल्पाचं इंधन असलेला नाफ्थाही महागला. मंडळाला बिल झेपेना. २००१ च्या मध्यात संच थांबले, डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली आणि समुद्रकाठी कोट्यवधींची यंत्रं गंजत उभी राहिली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढावी लागली, तेव्हा कुठे त्या प्रकल्पाला पुन्हा हात लागला.

आता याच देशातला दुसरा करार बघ. १९८२ मध्ये मारुती उद्योगात सुझुकी आली ती २६ टक्के वाटा घेऊन; मोठा वाटा सरकारचा. सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायचे, असं ठरलेलं होतं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी बाहेर पडली, तेव्हा तिचे बहुतेक भाग जपानहून आलेले होते. १९८५ नंतर येन झपाट्याने महाग झाला. दाभोळसारखी अट असती तर ती महागाई कोणीतरी मुकाट्याने भरत बसलं असतं. इथे ती कंपनीच्याच अंगावर आली, म्हणून भाग भारतात बनवण्याची घाई कंपनीलाच झाली. तिने पुरवठादार शोधले, काहींत स्वतः भांडवल घातलं, त्यांच्या माणसांना शिकवलं. जोखीम ज्याच्या गळ्यात, तोच धडपडतो.

ही धडपड खालून कशी दिसते, ते मी पाहिलंय. भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमधून एका परदेशी भागीदारीतल्या कंपनीला माल जायचा. लॉटमधले दोन नग मापाबाहेर निघाले की अख्खा टेम्पो परत. आम्ही चिडायचो, हप्ते तुंबायचे. मग त्यांचा इंजिनियर येऊन लेथपाशी उभा राहायचा. टूल कधी झिजतं, माप कधी सरकतं, नोंद कशी ठेवायची, हे आमच्या पोरांना दाखवायचा. पुढे त्या नोंदवह्या बघूनच दुसऱ्या कंपन्यांनी आम्हाला काम दिलं. पुण्याच्या पट्ट्यात हे आधीपासून घडत आलं आहे. कोथरूडला १९६२ मध्ये किर्लोस्कर-कमिन्स उभी राहिली, तेव्हापासून डिझेल इंजिनाचं काम जाणणारे कारागीर इथे तयार होत गेले. शिकलेला हात कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, पण कंपनी गेली तरी तो इथेच राहतो.

आणि कंपनी जाते, हे धरूनच चालायचं. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादनही बंद केलं. कामगारांना वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला. जागा, वीज, रस्ता आणि आसपास सुटे भाग बनवणाऱ्यांची फळी होती, म्हणून नवं गिऱ्हाईक मिळालं. दाभोळच्या भोवती अशी फळी नव्हती. पण तळेगावच्या कामगाराची मधली वर्षं कोणी भरून दिली नाहीत. कंपनीला सवलती देतानाच तिच्या जाण्याच्या अटीही लिहून घ्यायला नकोत का?

सवलती फुकट नसतात, बरं का. १९६४ पासून आपल्या राज्यात सामूहिक प्रोत्साहन योजना आहे; मोठ्या प्रकल्पांना कराचा परतावा मिळतो. तो पैसा तुझ्या-माझ्या शाळा-दवाखान्यांतूनच वजा होतो. दुसरा खर्च तर बिलावर येतच नाही. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, त्यात कारखान्यांचं रासायनिक पाणी आहे आणि वाढत्या शहराचं सांडपाणीही. वाढ टिकाऊ आहे की नाही, हे बघायला वारकरी ज्या पाण्यात उतरतात ते पाणी बघावं. नदी साफ करायचा खर्च पुढच्या पिढीच्या नावावर टाकून दाखवलेली वाढ ही उधारीच आहे, आणि ती फेडणारी पिढी तुझी.

तेव्हा पुढच्या वेळी असं कात्रण हाती आलं की आधी अटी शोध. रुपया घसरला, मागणी घटली तर तोटा कोणाचा? दहा वर्षांत किती भाग इथे बनणार? पाणी किती उचलणार आणि कसं सोडणार? दाभोळचा करार सुरुवातीला लोकांपासून लपवला होता. तुझ्या हाती २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, अर्ज करायला शीक.

हे मोठ्या लोकांचं काम, असं म्हणून सोडू नकोस. एन्रॉनवर सभा पुष्कळ झाल्या, घोषणाही झाल्या. पण पुण्यातल्या 'प्रयास' गटाचे गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ मध्ये त्या प्रकल्पाचं तांत्रिक आणि आर्थिक विश्लेषणच मांडलं. ही माणसं तेव्हा तरुण होती. मंत्रालयात वजन नव्हतं, हाती आकडेमोड होती. त्यांचं ऐकलं गेलं नाही. पण मंडळाचं कंबरडं मोडलं, तेव्हा त्यांनी दाखवलेल्या धोक्यांची आठवण सगळ्यांना आली. तुझं गणित चांगलं आहे. ते परीक्षेपुरतं ठेवू नकोस.

तुझा,
आजोबा